भुर्जीची चव ठरते अंडं फोडण्याआधी

निपाणीकडची तीन मुलं बेळगावात उद्यमबागेजवळ खोली करून राहतात. त्यांनी विचारलंय: "काकू, आठवड्यातनं चार-पाच रात्री आमची भुर्जीच असते. इंडक्शनची शेगडी आणि एक नॉनस्टिक पॅन, एवढंच सामान. भुर्जी दरवेळी पाणी सोडालीय, चव रोज तीच, आणि आमच्यातल्या एकाला अंड्याचा वास सहन होत नाही. मसाले बदलून बघितले, घरनं कांदा-लसूण चटणी आणली, तरी फरक नाही. काय करायचं?" सोबत कृतीही लिहिलीय. तेलात कांदा दोन मिनिटं, त्यावर टोमॅटो, लगेच अंडी, मग हळद, चटणी, मीठ आणि वर झाकण.

पोरांनो, आधी ते झाकण काढा. आणि चटणी बदलू नका, घरची चटणी चांगलीच असणार. तुमचं सामान बरोबर आहे, क्रम उलटा आहे. मी इतकी वर्षं खानावळ चालवते, आणि भुर्जी बिघडलेली बघितली की शंभरातल्या नव्वद वेळा कारण हेच निघतं.

अंड्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं. ते तापलं की आतली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि हे पाणी आपल्या जाळ्यात पकडून ठेवतात. हे सगळं एक-दोन मिनिटांत होतं. एकदा अंडं घट्ट झालं की बाहेरची चव त्यात शिरत नाही, वरवर चिकटते. तुम्ही अंडं घट्ट होत असताना हळद आणि चटणी टाकता, म्हणजे कच्ची चटणी शिजलेल्या अंड्यावर नुसती पसरते. मिरचीचा रंग, तिचा तिखटपणा, हळद, जिऱ्याचा वास, हे सगळं तेलात उतरतं, पाण्यात फारसं उतरत नाही. त्यामुळे अंडं पॅनमध्ये पडायच्या आधी चव तेलात आलेली पाहिजे आणि कांदा-टोमॅटोतलं पाणी उडालेलं पाहिजे. एवढं जमलं की पुढचे सगळे प्रकार त्याच रस्त्यानं जातात.

चार अंड्यांचा हिशेब सांगते. दोन मध्यम कांदे, एक टोमॅटो, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर आणि दोन मोठे चमचे तेल. तेलात हात आखडू नका, चव वाहून नेणारं तेच आहे. घाण्याचं शेंगतेल मिळालं तर उत्तम, त्याला स्वतःचा वास असतो आणि आपल्याकडच्या तिखटाशी तो जमतो.

कांदा बारीक चिरा, पण किसू नका, मिक्सरला तर लावूच नका. किसलेला कांदा पाणी सोडतो आणि तेलात परतायच्या ऐवजी शिजत बसतो. तेल तापलं की जिरं, ते तडतडलं की कांदा आणि त्यावर चिमूटभर मीठ. दोन मिनिटांत कांदा फक्त मऊ होतो, चव येत नाही. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं द्या. आधी तो पारदर्शक होईल, मग कडा पिवळसर होतील, मग तांबूस. पॅनमधला चुरचुर आवाजही बदलतो. सुरुवातीला ओला, जोराचा आवाज असतो, पाणी उडत आलं की तो बारीक आणि कोरडा होतो. तो बदल कानानं ओळखायला शिका, मग घड्याळ बघावं लागत नाही.

लसूण आणि हिरवी मिरची आता घाला, कांद्याच्या आधी नाही. लसूण लवकर करपतो आणि करपलेल्या लसणाचा कडवटपणा सबंध पॅनला लागतो. ठेचून घातला तर वास जास्त, चिरून घातला तर सौम्य. कोथिंबिरीचे देठ फेकू नका, बारीक चिरून याच वेळी टाका. पानांपेक्षा देठांना जास्त वास असतो आणि ते तापायला घाबरत नाहीत. पानं मात्र शेवटी.

मग चटणीची पाळी. इथे आच कमी करायची, शक्य असेल तर पॅन शेगडीवरून उचलायचा. कडक तेलात लाल चटणी दहा-पंधरा सेकंदांत काळी पडते. घरभर ठसका उठला की समजायचं, ती जळाली. कांद्यात थोडा ओलावा शिल्लक असताना मंद आचेवर चटणी आणि हळद घाला, अर्धा मिनिट हलवा. तेल कडेनं लाल दिसायला लागलं म्हणजे काम झालं. फार कोरडं वाटलं तर चमचाभर पाणी शिंपडा, चटणी जळायची थांबेल.

त्यानंतर टोमॅटो. तुमची भुर्जी पाणी सोडते ती मुख्यतः याच टप्प्यामुळे. टोमॅटो अंगभर पाणी घेऊन येतो, आणि तो कच्चा असतानाच अंडं घातलं की ते पाणी अंड्यात अडकतं आणि नंतर ताटात सुटतं. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाकायचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही, कारण टोमॅटोची खरी चव त्या गरातच असते. त्याऐवजी टोमॅटो पूर्ण मोडू द्या. चमच्यानं दाबत राहा. मसाल्यातनं चमचा ओढला की मागे पॅनचा तळ दिसला पाहिजे आणि तेल कडेला सुटलं पाहिजे. पाच-सहा मिनिटं लागतील. परीक्षेच्या दिवसांत तेवढाही वेळ नसेल तर टोमॅटो सरळ वगळा आणि शेवटी लिंबू पिळा. अर्धाकच्चा टोमॅटो घालण्यापेक्षा ते शंभरपटीनं बरं.

आता अंडी. यांची तयारी मात्र कांदा परतायला टाकायच्या आधीच करायची. ती पॅनवर थेट फोडू नका, आधी एका वाटीत एकेक करून फोडा म्हणजे एखादं खराब निघालं तर सगळं वाया जाणार नाही. चारही चांगली निघाली की मीठ घालून फेटा आणि कांदा परतत असेपर्यंत तशीच ठेवा. पंधरा मिनिटं मीठ लागलेलं अंडं शिजताना पाणी जास्त धरून ठेवतं आणि मऊ राहतं. त्याचा रंग थोडा गडद होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एक गोष्ट सांभाळा. कांदा-लसूण चटणीत बहुतेक घरी मीठ घातलेलंच असतं, कांद्यावर तुम्ही चिमूटभर टाकलंय, म्हणून अंड्यात अर्धंच घाला आणि शेवटी चाखून वाढवा.

पांढरं साधारण 60 ते 62 अंशांपासून घट्ट व्हायला लागतं, पिवळं 65 अंशांच्या पुढे, आणि दोन्ही एकत्र फेटलेलं अंडं 73 अंशांच्या आसपास धरतं. पाणी 100 अंशांना उकळतं, हे लक्षात घेतलं तर कळेल की अंड्याला फार आच लागतच नाही. त्याच्या वर तापवत राहिलं की प्रथिनांचं जाळं आवळत जातं आणि आत धरलेलं पाणी पिळून बाहेर येतं. भुर्जीचे रबरासारखे दाणे आणि ताटात तळाशी पिवळसर पाणी, दोन्ही एकाच दोषाची लक्षणं आहेत. म्हणजे तुमचं पाणी दोन वाटांनी येतंय. एक कच्च्या टोमॅटोतनं, दुसरं जास्त शिजलेल्या अंड्यातनं. आणि वर झाकण ठेवल्यामुळे वाफेचं पाणी तिसऱ्या वाटेनं परत पॅनमध्ये पडतंय.

म्हणून मसाला तयार झाला की आच मंद करा, फेटलेली अंडी ओता आणि दहा सेकंद काहीच करू नका. कडा धरायला लागल्या की लाकडी उलथन्यानं कडेकडनं मधे ओढा. सारखं ढवळत राहिलात तर दाणा बारीक, चुरा होतो. ओढून ओढून केलंत तर मोठे, मऊ लपके राहतात. दोन्ही चालतात. भाकरीबरोबर मला बारीक दाणा आवडतो, पावाबरोबर मोठा. अंडं अजून थोडं ओलं, चकचकीत दिसतंय तेव्हाच शेगडी बंद करा. पॅनच्या आणि मसाल्याच्या गरमीनं उरलेलं आपसूक शिजतं. ताटात येईपर्यंत ते बरोबर होतं, आणि जे पॅनमध्येच बरोबर दिसतं ते ताटात कोरडं झालेलं असतं. घरी लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर मात्र त्यांच्या वाट्याचं पूर्ण शिजवा, ओलं ठेवू नका.

इंडक्शनबद्दल दोन शब्द. स्वस्तातल्या शेगड्या कमी आचेवर सलग तापत नाहीत, चालू-बंद, चालू-बंद होत राहतात. चालू असते तेव्हा पॅनचा मधला भाग एकदम तापतो. त्यामुळे अंडं घालताना बटणाशी खेळत बसण्यापेक्षा पॅन उचलून धरा, परत ठेवा, परत उचला. नॉनस्टिक पॅन रिकामा ठेवून मोठ्या आचेवर तापवू नका आणि त्यात लोखंडी उलथनं घालू नका. घरचा लोखंडी तवा कधी आणलात तर कांदा फार सुंदर परतला जाईल, पण टोमॅटोची भुर्जी त्यात फार वेळ ठेवू नका. आंबट आणि लोखंड एकत्र आलं की अंडं काळपट पडतं.

आता तुमच्या त्या मित्राचा प्रश्न. अंड्याचा वास नको वाटणारी माणसं खानावळीत रोज येतात, आणि त्यातली बरीच माझ्याकडे अंडं खातात. जो वास त्रास देतो तो बराचसा जास्त शिजवल्यामुळे येतो. पांढऱ्यात गंधक असतं, जास्त तापलं की त्याचा वायू सुटतो, आणि झाकण असलं की तो आतच कोंडतो. कमी शिजवा, झाकण ठेवू नका, अर्धं काम होईल. उरलेलं अर्धं काम ताजी अंडी करतात. अंडं पाण्यात सोडून बघा. ताजं अंडं तळाशी आडवं बसतं, जुनं उभं राहतं, आणि पार जुनं झालेलं तरंगतं, कारण आतली हवेची पोकळी वाढत जाते. तरंगणारं सरळ टाकून द्या. उन्हाळ्यात एकदम दोन-दोन डझन आणून खोलीत ठेवू नका. त्याच्या ताटात ताजी मिरपूड, लिंबू आणि भरपूर कोथिंबीर असू दे. काळं मीठ मात्र घालू नका, त्याचा वास मुळातच अंड्यासारखा असतो.

चव रोज तीच, या तक्रारीवर मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण बेळगावात राहून ही तक्रार करायची वेळ यायला नको. एका बाजूला संकेश्वर, दुसऱ्या बाजूला खानापूरचं जंगल, चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि वर कोल्हापूर. इतक्या चवी एका गावाच्या आसपास क्वचित सापडतात.

सुरुवात मिरचीपासून करू. हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या नावानं ओळखली जाणारी संकेश्वरी मिरची गडहिंग्लजच्या बाजारातही मोठ्या प्रमाणावर येते. ती तिखट असते आणि तिला स्वतःचा खमंग वास असतो. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, 2011 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ती सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला सौम्य. दोघींची कामं वेगळी आहेत. भुर्जीला नुसती संकेश्वरी घातली तर जीभ भाजते आणि अंड्याची चव हरवते. नुसती ब्याडगी घातली तर रंग झकास येतो, पण दोन घासांनंतर कंटाळा येतो. मी दोन वाटे ब्याडगी आणि एक वाटा संकेश्वरी घेते. मिरच्या मंद आचेवर कोरड्याच भाजते, नुसत्या फुगून वास सुटेपर्यंत, काळे ठिपके पडायच्या आत उतरवते आणि जाडसर कुटते. बारीक पूड भुर्जीत हरवते. जाडसर कुटलेल्या मिरचीचे तुकडे अधूनमधून दाताखाली येतात आणि प्रत्येक घास थोडा वेगळा लागतो. खोलीवर खलबत्ता नसेल तर लाटण्यानं पोळपाटावर दाबा, जमतं.

कांदा-लसूण चटणीत सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला असं बरंच काही असतं, त्यामुळे तिच्याबरोबर गरम मसाला, अंडा मसाला वगैरे घालायची गरज नाही. चार मसाले एकत्र केले की एकाचीही चव लागत नाही. एका दिवशी एकच मुख्य चव ठरवा आणि बाकी सगळं तिच्या मागे उभं करा. तुमची चव रोज तीच लागते, कारण रोज सगळंच घालता.

तेलबियांच्या चटण्यांचा न्याय उलटा आहे. कारळ्याची, शेंगदाण्याची, जवसाची चटणी तुमच्या घरनं येतच असेल. ती तेलात परतू नका. कारळे आणि जवस आधीच भाजलेले असतात, परत तापले की कडवट होतात. साधी भुर्जी करा, कांदा, हिरवी मिरची, मीठ, बास. शेगडी बंद केल्यावर एक मोठा चमचा कारळ्याची चटणी वरनं भुरभुरा आणि एकदाच हलवा. काळसर दिसेल, देखणी नाही दिसणार, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारांतला हा पहिला नंबर. शेंगदाण्याच्या चटणीनं भुर्जी थोडी घट्ट आणि गोडसर होते, तिला वर कच्चा कांदा पाहिजे.

घरी किंवा खानावळीत मटणाचा किंवा चिकनचा रस्सा उरला, तर सकाळी फ्रिजमधनं काढल्यावर त्याच्यावर लाल तेलाचा थर जमलेला असतो. तो कट दोन चमचे काढून घ्या आणि तेलाच्या जागी वापरा. त्यात मसाल्याची सगळी चव आधीच उतरलेली असते. कांदा परता, अंडी घाला, दुसरं काहीच नको. रस्सा मात्र पातळच्या पातळ अंड्यात ओतू नका, वर सांगितलेली पाण्याची सगळी भानगड परत सुरू होईल. तो वेगळा गरम करून बाजूला वाटीत घ्या. गोव्यात रस आमलेट मिळतं, त्यात शाकुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यातल्या चिकनचा, गरम रस आमलेटवर ओततात, वर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि सोबत पाव. अंडं आणि रस वेगवेगळे शिजतात आणि ताटातच भेटतात, म्हणून दोन्हींची चव शाबूत राहते. तुम्हाला ते मऊ भुर्जीवरही करता येईल. गोव्याकडची चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, ज्यांना चालते त्यांनी तिचे तुकडे मंद आचेवर आधी नीट शिजवावेत, तिचंच लाल, आंबट तेल सुटतं आणि त्यातच अंडी करावीत. व्हिनेगर, मिरची, मीठ सगळं तिच्यात असतं, वेगळं मीठ चाखल्याशिवाय घालू नये.

पावसाळ्यात जवळा. सुकी मासळी आपल्या बाजारात सहज मिळते. जवळा चाळून, निवडून घ्या, वाळू आणि काडीकचरा असतो. कोरड्या पॅनमध्ये मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजा, मग पटकन एका पाण्यातनं काढून पिळा. भाजलेला कांदा, भरपूर लसूण, लाल चटणी, त्यात जवळा दोन मिनिटं परता, एखादं आमसूल टाका आणि मग अंडी. चार अंड्यांना मूठभर जवळा पुरतो. जवळ्यात मीठ असतं, हात राखून घाला. खोलीच्या खिडक्या मात्र उघड्या ठेवा, घरमालक शाकाहारी असेल तर हा बेत सुट्टीला गावी गेल्यावर करा.

हिरव्या चवीची भुर्जी लोक फार कमी करतात, याचं मला वाईट वाटतं. मेथी, शेपू, कांद्याची पात, शेवग्याचा पाला, यातलं काहीही चालतं. नियम तोच, पाणी आधी उडवा. मेथी धुऊन, निथळून, चिरून मोठ्या आचेवर झाकण न ठेवता परता. ती आधी पाणी सोडेल, मग ते आटेल, मग पानं तेलात चुरचुरायला लागतील. तेव्हा अंडी. शेपू चार अंड्यांना अर्धी मूठच, जास्त झाला तर दुसरं काहीच लागत नाही. त्याच्याबरोबर लसूण दुप्पट. शेवग्याच्या पाल्याला सुकं खोबरं आणि सुकी लाल मिरची. ओल्या खोबऱ्याचं वाटणही करता येतं. दोन चमचे खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण आणि आल्याचा छोटा तुकडा, कमीत कमी पाण्यात वाटून तेलात परता. वाटणाचा कच्चा वास जाईपर्यंत थांबा, नाहीतर भुर्जीला नंतर आंबूस वास येतो.

खानापूर आणि चंदगडच्या बाजूचे ओले काजूगर उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येतात. महाग असतात, पण सणासारखं एकदा करा. सोललेले गर थोड्या पाण्यात मऊ शिजवून घ्या, पाणी काढा, लोण्यात कांदा-मिरची परता, गर घाला, मग अंडी. इथे लाल चटणी नको, टोमॅटो नको. काजूची गोडी इतकी नाजूक असते की चमचाभर चटणीनं ती झाकली जाते.

आणि कधीतरी काहीच मसाला न घालता करून बघा. तीन अंडी, चिमूट मीठ, चमचाभर दूध, एक मोठा चमचा लोणी. घरचं म्हशीचं लोणी आणलंत तर त्यात ताकाचा अंश असतो, ते तडतडणं थांबेपर्यंत वितळू द्या, पण तांबूस करू नका. अंडी घाला आणि अगदी मंद आचेवर सारखं हलवत राहा. पाच-सहा मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल, मग एकदम दाटसर, मलईसारखं होईल. तेव्हा उतरवा आणि ताजी मिरपूड घाला. दुधानं प्रथिनं जरा दूरदूर राहतात म्हणून अंडं मऊ होतं, पण दूध चमचाभरच, पाव वाटी घातलंत तर परत पाणी सुटेल. पारशी लोकांची अकुरी याच्याच जवळची, तीही ओलसर ठेवतात, फक्त तिच्यात कांदा, हिरवी मिरची, हळद आणि कोथिंबीर असते. ज्याला वास नको वाटतो त्याला आधी ही बिनमसाल्याची भुर्जी खायला द्या, मग लाल भुर्जीकडे आणा.

गावरान अंडी घ्यावीत का, असं पुढे कुणीतरी विचारेलच. मिळाली तर जरूर घ्या. आकारानं लहान असतात, म्हणून चारच्या जागी पाच धरा. पिवळ्याचा गडद रंग कोंबडी काय खाते त्यावर ठरतो, नुसत्या रंगावर पैसे देऊ नका. ताजं दुकानातलं अंडं शिळ्या गावरान अंड्यापेक्षा चवीला केव्हाही चांगलं.

सोबत काय खायचं, तेही भुर्जी ठरवते. लाल, सुक्या भुर्जीला ज्वारीची भाकरी, आणि ती कडक झालेली असेल तर हातानं चुरून त्यावर गरम भुर्जी घाला, पाच मिनिटं मुरू द्या. हिरवीला तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, लोण्यातल्याला पाव. जवळ्याच्या भुर्जीला मला साधा वरणभातच पाहिजे. पाव घ्याल तेव्हा भुर्जी ताटात काढल्यावर पॅन लगेच धुवायला टाकू नका. तळाला मसाला आणि लाल तेल चिकटलेलं असतं. पाव मधे चिरून त्यावर उपडा दाबा, मंद आचेवर अर्धा मिनिट. सगळा मसाला पाव पुसून घेतो, कडा कुरकुरीत होतात, आणि पॅनही निम्मा साफ झालेला असतो.

आज रात्री टोमॅटो वगळून, कांदा पूर्ण परतून, चटणी तेलात घालून एकदा करा. पाणी सुटलं नाही तर उद्या टोमॅटो परत आणा. सुटलंच, तर अंडं पॅनमध्ये गेल्यापासून शेगडी बंद करेपर्यंत किती वेळ गेला ते मोजून मला कळवा, पुढचं सांगते.